आखूड भुवई

“ही नको!” पार्लरच्या खुर्चीत बसल्या बसल्या आत्याने भाचीच्या कानात सांगितलं. कानात कसलं, रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानातही ऐकू गेलं असेल.

भाचीला हसू आवरेना. सकाळपासून दोघींना नुसतं खूळ लागलं होतं. बावन्नाव्या वर्षी आत्याचं लग्न ठरलं होतं, तेही येत्या रविवारी. आरसा दिसला की दोघी त्यात नवरीला बघून खिदळत होत्या. धास्ती एकाच गोष्टीची होती. मागे कोपऱ्यावरच्या पार्लरवालीने कसलासा लेप फासला आणि आत्याच्या तोंडाचा सुजून भोपळा झाला. होणारा नवरा दारात येऊन तिलाच विचारत होता, “त्या घरी आहेत का?” आता लग्नाच्या फोटोत पुन्हा भोपळा नको होता.

समोर पांढऱ्या कोटातल्या दोघी उभ्या होत्या. हे पार्लर चालवणाऱ्या ताईंच्या गालावर लाल चट्टे होते आणि एक भुवई दुसरीच्या निम्मी होती. शेजारची बाई मात्र अशी तुकतुकीत, की बघत राहावं.

ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “कसली ॲलर्जी आहे? कुठली औषधं चालू आहेत? मागे काय लावलं होतं?” एकेक विचारून घेतलं. मग आत्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला क्रीमचा एक ठिपका लावला. “उद्या दाखवा. इथे काही झालं नाही, तरच चेहऱ्याला हात लावीन.”

“बघ, रीतसर शिकलेल्या आहेत,” भाचीने भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं.

“भिंत काय बघतेस? तोंड बघ! जिला स्वतःची भुवई सांभाळता येत नाही, ती माझं काय सांभाळणार?” आत्याने तुकतुकीत बाईचा हातच धरला. “मला ही हवी. हिच्या चेहऱ्यावरच दिसतंय, काम किती छान येतं ते.”

भाचीने टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. तिचे खांदे गदागदा हलत होते. तुकतुकीत बाई कानापर्यंत लाल झाली आणि तिने ताईंकडे बघितलं.

“सांगून टाक,” ताई म्हणाल्या. त्यांनाही हसू फुटत होतं.

“काकू, माझा चेहरा ताईंनी केलाय,” ती कशीबशी म्हणाली. “मी तर आत्ता कुठे शिकायला लागलेय. गिऱ्हाइकाला हात लावायची मला परवानगी नाही, म्हणून सरावाला ताई स्वतःचाच चेहरा देतात. ती भुवई कालची आहे.”