शेऱ्याचा रकाना

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या डॉक्टर शिए यांच्या दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या फॉर्ममध्ये शेऱ्याचा एक रकाना होता. तो फक्त काउंटरवरच्या शूफनताईंच्या कॉम्प्युटरवर दिसायचा आणि ताई तो अगदी मन लावून भरायच्या. ‘सुपारी खाऊन येतात, दोन मास्क लावा.’ ‘सुई दिसायच्या आधीच किंचाळते.’ ‘बिल ऐकलं की दाढदुखी थांबते.’

मग पेशंटना घरबसल्या नंबर लावता यावा म्हणून डॉक्टरांनी वेबसाइट करायला घेतली. सॉफ्टवेअरवाला च्याहाव म्हणाला, “नवा फॉर्म कशाला? कॉम्प्युटरवरचाच तिकडेही चालेल की!” आणि त्याने तो जसाच्या तसा चढवला.

दुसऱ्या दिवशी ज्याला-त्याला आपापला शेरा मोबाइलवर दिसला आणि दवाखान्यात एकच बोंब उठली. शूफनताई एकेकाची माफी मागत होत्या, तेवढ्यात निवृत्त पोस्टमन ल्याओकाका फोन नाचवत आत आले. ताई आधीच कमरेत वाकल्या. “चुकलंच माझं, काका! तुमच्याबद्दल काय लिहिलंय मी?”

काकांनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.


“काहीच नाही! इतकी वर्षं तुमच्याकडे येऊन आ वासतोय, आणि माझ्याबद्दल एक वाईट शब्दसुद्धा सुचू नये तुम्हाला?”