गावची पोरगी

जेट्टीच्या जनसुनावणीत भाविकाला एकच वाक्य बोलायचं होतं: “पाण्याखाली नुसता खडक आहे.” ही जेट्टी बांधणाऱ्या, महापे इथल्या कंपनीत ती समुद्रजीवांची तज्ज्ञ होती आणि आज मंडपात समोर तिचंच गाव बसलं होतं.

“सर, खडक नाही, प्रवाळ आहे,” ती मंचामागे कंपनीतल्या वरिष्ठांपुढे तणतणली. “टाचणीच्या डोक्याएवढे प्राणी आहेत ते. स्वतःच्या अंगातून चुना काढून घर बांधतात. जुने मेले की त्यांच्या घरांवर नवे बांधतात. हातभर थर चढायला कित्येक पिढ्या जातात!”

“हलत नाही, ओरडत नाही, कसला प्राणी?” सर हसले. “आणि तज्ज्ञ काय, ढिगानं मिळतात. तुला घेतलं ते या गावची पोरगी म्हणून. तू सांगितलंस की हे लोक गप्प बसतील.”

भाविकाची कानशिलं तापली. इतके दिवस ती समजत होती, मुलाखतीत आपण हुशार ठरलो. तिने मंचावर जाऊन निवेदकाच्या हातून माइक हिसकावला. पहिल्याच रांगेत बाबा कौतुकाने बघत होते.

“बाबा, पान्याखाली जिता जीव हाय,” ती गावच्या बोलीत ओरडली. “आनि तुमची तोंडं बंद कराला यांनी मला आनलंय. आता तुमीच बोला!”