तीनशे किलो

गाडी डावीकडे कलली आणि श्रीधरने अठरा वर्षांच्या सवयीने पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं होतं. खाली खडी होती. वेग चालत्या माणसाएवढाच होता, तरी तीनशे किलोची क्रूझर मोटारसायकल आडवी झाली. श्रीधर उडी मारून बाजूला झाला. त्याला काही लागलं नाही.

सिल्लोड रस्त्यावर, फुलंब्रीच्या पुढे एका फाट्यावर तो गाडी वळवत होता. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. कडेची झाडं तोडलेली होती. एप्रिलचं अकराचं ऊन. साठ-सत्तर पावलांवर सिमेंटच्या टाकीपाशी टँकर नुकताच रिकामा होऊन गेला होता आणि चार बायका हंडे भरत होत्या. श्रीधरने त्यांच्याकडे पाठ केली. इंजिन बंद केलं, पेट्रोल गळतंय का ते वाकून पाहिलं. गळत नव्हतं. क्रॅश गार्डवर बोटभर ओरखडा आला होता.

गाडी त्याची नव्हती. शेंद्र्याच्या कारखान्यात त्याच्याबरोबर काम करणाऱ्या हिमांशूची होती. “चालवून बघ आणि आजच सांग,” हिमांशू म्हणाला होता, “संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय.”

श्रीधरची स्वतःची गाडी स्पोर्ट बाइक. छाती टाकीवर, पाय मागे दुमडलेले, मान वर. मागची सीट त्याने पहिल्याच वर्षी काढून टाकली होती. तेवढं वजन कमी. दर रविवारी पहाटे निघायचं, दहाला घरी. वाटेतल्या टपरीवाल्याला एक बोट दाखवलं की एक चहा मिळायचा. पुष्कळदा रविवारभर तो एकही शब्द बोलत नसे. मग मानेचे मणके दुखायला लागले. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, असं वाकून बसणं बंद. जमत नसेल तर गाडीच बंद. क्रूझरवर माणूस सरळ बसतो. ही जमली नाही, तर रविवारचं निघणंच बंद.

त्याने हँडल धरून गाडी ओढली. ती वीतभर वर आली आणि परत बसली. मग तो गाडीकडे पाठ करून खाली बसला, सीटला कंबर लावली आणि पायांनी मागे रेटा दिला. असं एकटा माणूस उचलू शकतो, हे त्याने वाचलं होतं. पण खडीत बूट सरकत होते. घर्षणच मिळत नव्हतं. त्याने सात वेळा करून पाहिलं. तीन ट्रक धूळ उडवत गेले.

त्याने फोन काढला. हिमांशूला सांगायची लाज वाटत होती. बाकीची नावं त्याने ओळीने पाहिली. दोन सुपरवायझर, सोसायटीचा वॉचमन, बीड बायपासच्या त्याच्या नव्या बिल्डिंगला पाणी देणारा टँकरवाला, गॅस एजन्सी. ‘गाडी पडलीय, ये,’ असं ज्याला म्हणता येईल, असं एकही नाव नव्हतं. त्याने यादी खालून वर पुन्हा पाहिली आणि फोन खिशात ठेवला.

“काय वं भाऊ, निजवली व्हय गाडी?”

डोईवर पदर घेतलेली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. मागे टाकीवरच्या बाकीच्या तिघी.

“पडली,” श्रीधर म्हणाला.

“ते दिसतंय की. अर्धा तास झाला बघायलोय. ही मालन म्हणती, खालून काहीतरी दुरुस्त करायलेत.”

“मी नाय, मेघी म्हणली,” मालनबाई म्हणाली. तरुण मेघा तोंडाला पदर लावून हसली.

“हाक मारायची ना,” म्हातारी म्हणाली.

“तुम्ही पाण्यावर होतात.”

“पाण्यावर होतो, मसणात नव्हतो. सरा. कुठं धरायचं ते सांगा.”

त्याने दाखवलं. सायलेन्सर तापलाय, तिथे हात लावू नका, म्हणाला. चौघींनी पदर खोचले. श्रीधरने हँडल धरलं. “गोजरआत्या, तू म्हण,” मेघा म्हातारीला म्हणाली. गोजरबाईने “हं!” म्हटलं आणि गाडी एका दमात उभी राहिली. श्रीधरने घाईने स्टँड लावला.

त्याला आभार मानायचे होते. नेमकं वाक्य शोधेपर्यंत चौघी टाकीकडे निघालेल्या होत्या. तो मागे गेला. तीन हंडे डोक्यांवर चढून चालू लागले. गोजरबाई मात्र आपल्या भरल्या हंड्यापाशी थांबली.

“बघता काय? हात लावा.”

“मी?”

“मग काय माझी मी चढवू? चाळीस वर्सं झाली पाणी वाहायला. एक दिस एकटीनं चढला नाय हा. कुणी ना कुणी लागतंच.”

त्याने काठ आणि बूड धरून हंडा उचलला. ती वाकून हंड्याखाली शिरली. हंडा चुंबळीवर नीट बसेपर्यंत त्याने हात काढले नाहीत. थोडं पाणी त्याच्या बाहीवर सांडलं.

“जावा आता. दमानं,” ती म्हणाली, आणि मान न हलवता चालू लागली.

मुकुंदवाडीला हिमांशू आपल्या घराच्या गेटमध्येच उभा होता. ओरखडा त्याला लगेच दिसला.

“माझ्या हातून पडली,” श्रीधर म्हणाला. “फाट्यावर वळवताना.”

“तुला लागलं नाही ना? मग सोड. गार्ड त्यासाठीच असतं.” हिमांशूने किल्लीसाठी हात पुढे केला. “खरं सांगू का? मनाला लावून घेऊ नकोस. ही एकट्या माणसाची गाडी नाहीच. पडली की उचलायला माणसं लागतात.”

“पाच लागली,” श्रीधर म्हणाला, आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.