हिरवं बटण

रुख्मिणीच्या कमरेला खोचलेल्या पिशवीतला बटणांचा फोन चौथ्यांदा वाजला, तरी तिने हळदीच्या सरीतून मान वर केली नाही. तीन वर्षांपूर्वी मालेगावात हा फोन घेताना दुकानदाराने टॉर्च, रेडिओ, आठ दिवस चालणारी बॅटरी असं बरंच काही दाखवलं होतं. तिला त्यातली फक्त रिंग हवी होती, तीही लेकीच्या नंबराला वेगळी. लेक वैभवी केनवडला दिलेली. रोज दिवेलागणीला तिने एक मिस कॉल द्यायचा, म्हणजे ती बरी आहे, असं दोघींचं ठरलं होतं. उचलायचा नाही, कारण बोलण्यात बॅलन्स गेला की वैभवीची सासू बोलायची. पुढे रिचार्जमध्ये बोलणं फुकट झालं, नेम मात्र मोडला नाही. टॉर्चचं बटण दाबून दाबून पांढरं पडलं, फोन उचलायचं हिरवं अजून कोरंच होतं. फोन पाचव्यांदा वाजला. शेजारच्या सरीत निंदणारी ज्योत्स्ना म्हणाली, "मावशी, भर दुपारी कोन फोन करून राह्यलं?" "वैभवी. बरी हाये म्हन्ते." "अन् पाच बार?" "आज लयच बरी असन," म्हणून रुख्मिणी दमल्यासारखी हसली. ज्योत्स्ना हसली नाही. फोन सहाव्यांदा वाजू लागला, तसं रुख्मिणीचं खुरपं हातातच थांबलं. घाईघाईने तिने मातीचे हात पदराला पुसले, पिशवीची गाठ सोडली, फोन बाहेर काढला आणि हिरवं बटण शोधलं. तिचा अंगठा त्यावर टेकला, आणि दाबायच्या आतच फोन वाजायचा थांबला.