विसावं नाव

वीस नावं भरली नाहीत तर यंदा कॉलेजातला बी.एस्सी. फिजिक्सचा वर्गच बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. एकोणीस भरली होती आणि यादी उद्या बंद होणार होती. वर्ग बंद म्हणजे तासावर शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडमही घरी. म्हणून तर त्या भोरहून निघाल्या आणि एसटीनं फाट्यावर सोडल्यावर पुढं चिखल तुडवत हिर्डोशीत साळूबाईंच्या ओट्यावर येऊन टेकल्या. साळूबाईंची नात शिवानी बारावीला सायन्समध्ये चांगल्या मार्कांनी पास झाली होती.

"ह्ये फिजिक्स शिकून पोरगी काय हुईल, बाई?" साळूबाईंनी विचारलंच.

हा प्रश्न येऊ नये म्हणून मॅडम वाटभर देवाचा धावा करत आल्या होत्या. आठ वर्षांत आपल्या हाताखालून गेलेली पोरं त्यांना आठवली. एक टेम्पो चालवत होता, एक मोबाईलच्या दुकानात कव्हरं विकत होती.

"माझ्यासारखी मॅडम होईल," त्या घाईघाईनं म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या शिवानीचे डोळे लकाकले. तिनं मॅडमनी आणलेला प्रवेशाचा अर्ज मांडीवर ओढला, पेनाचं टोपण काढलं. मॅडमनी श्वास रोखून धरला.

साळूबाई मात्र मॅडमच्या पोटरीपर्यंत चिखलानं भरलेल्या पायांकडं बघत होत्या.

"रागावू नका बाई," त्या हळूच म्हणाल्या, "पर मंग हिला बी तुमच्यावानी दारोदार पोरं मागत हिंडावं लागंल व्हय?"