ताफ्याचा तांडेल

दुरुस्तीहून परतलेली तिच्या बाबांची, हिराजी नाखव्यांची होडी ताफ्यात शिरली, तशी हंसाला धाकधूक वाटू लागली. आता बाबांना काय सांगायचं?

वारा, लाटा, मासळी, सगळी खबर होड्या आपल्या यंत्रांतून आपणहून एका मुख्य होडीला कळवत आणि तीच ती सर्वांना सांगे. नाहीतर समुद्रावर नुसता गलका झाला असता. मुख्य कोण, हेही होड्याच ठरवत. तिच्या नाखव्याला सगळे तांडेल म्हणत. वर्षानुवर्षं हा मान बाबांचा होता. त्यांची होडी दुरुस्तीला गेली, तेव्हा दुय्यम असलेली हंसाची होडी आपोआप मुख्य झाली.

मुख्य होण्यासाठी बाबांच्या होडीचा अग्रक्रम आजही सगळ्यांत वरचा होता. तरी बाकीच्या होड्यांनी तिला नुसता रामराम केला आणि आपापल्या कामाला लागल्या.

हंसाने रेडिओ उचलला. "बाबा, मी आणि आता दुय्यम असलेले दामूकाका आमच्या होड्या क्षणभर मुक्या करतो. नवी निवड झाली की तुम्हीच पुढे याल."

"आणि तेवढ्यात कुणी कुणावर आदळलं म्हणजे?" बाबा खेकसले. "अगं बाय, चालू तांडेल हटवायचा नाही, हा नियम मीच घालायला लावला होता. मोठा आला म्हणून दरवेळी तांडेल बदलला, तर ताफा जाळं टाकणार कधी?"

"पण तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की थोडं."

 मग बाबांचा आवाज बदलला, हसरा आणि अदबीचा झाला.

"सांगा तांडेल, जाळं कुठं टाकू?"