सुया आणि सोनचाफा

लग्नानंतर वसईजवळच्या नंदाखाल गावी, सासरच्या फुलवाडीत, सोनचाफ्याच्या वासाने हेमांगीची अर्धशिशी उठू लागली. सासूबाई म्हणायच्या, "देवाच्या फुलांनी कुणाचं डोकं दुखतं होय?" वसईच्या दवाखान्यात ॲक्युपंक्चरने अर्धशिशी टाळता येते का, याची चाचणी सुरू होती; तिथे तिने नाव दिलं. महिनाभरातच ती चाफ्याच्या पाटीशी हसत बसू लागली. चाचणीच्या शेवटच्या दिवशी सासूबाईही सोबत आल्या. डॉक्टर कौतुकाने म्हणाल्या, "आता सांगते. निम्म्यांना खऱ्या सुया होत्या, निम्म्यांना खोट्या, न टोचणाऱ्या. तुम्ही खोट्यांतल्या. तरी दुखणं खरंच कमी झालं!" सासूबाईंनी सोयीचं तेवढंच ऐकलं. "खोट्या सुयांनी गेलं, म्हणजे दुखणंही खोटंच की!" डॉक्टर समजावत राहिल्या, हेमांगी चपला शोधू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चाफ्याची पाटी तिच्या पुढ्यात सरकवली. भुवईमागे ओळखीचा ठणका उठला. "छान वास सुटलाय ना?" "हो, आई," म्हणत तिने पाटी आणखी जवळ ओढली.